शिडीवरचा माणूस

लंडनहून फिल्मच्या डब्यांसोबत एक कागद यायचा.
पाठलाग: जलद.
चुंबन: हळुवार, वरच्या पट्टीत.
पोलीस आले: कूच. माणूस पडला: झांज.
काइनवेन मावशी चष्मा कपाळावर सरकवून तो वाचायची
आणि घडी घालून
पियानोच्या लंगड्या पायाखाली सारायची.
"पडणाऱ्याला झांज कशाला?
पडतोय हे दिसतंच आहे सगळ्यांना."

मी नऊ वर्षांची. पानं उलटायला ठेवलेली.
पानं फारशी नव्हतीच.
रविवारी चॅपेलात ऑर्गनवर चालणारी बोटं
शनिवारी इथे, दोन मेणबत्त्यांच्या उजेडात,
जाड्या नवऱ्याखालची खुर्ची मोडताना
इतका सभ्य वॉल्ट्झ वाजवायची
की खुर्चीचीच लाज वाटावी.
इद्वल प्यू, मॅनेजर, दारातून खुणावायचे:
जरा टुणटुणीत, बाई! लोक पैसे मोजतात!

"गंमत पडद्यावर आहे," ती मला म्हणाली,
"पियानोला ती कळता कामा नये.
घरात पाहुणे बसलेत, धाकट्याची चड्डी सुटलीय,
तेव्हा आई कशी
चहा ओतत राहते, तसं वाजवायचं."

आमच्या डोंगरातून पाटीचा दगड निघायचा.
कुठल्या कुठल्या देशांतल्या मुलांनी
त्यावर पहिलं अक्षर गिरवलं असेल;
आमच्याकडे त्याची पूड, खोकल्यात, भाकरीत,
उशीच्या अभ्र्यात.

त्या आठवड्यात एम्रिस
तिसऱ्या टप्प्यावरून खाली आला. दोर होता. दोराचं काय झालं
ते कुणी नीट सांगितलं नाही.
आणि शनिवारच्या डब्यांत निघाला
शिडीवरचा रंगारी.
बारा मिनिटं शिडी, फक्त शिडी.
पुढची गाडी गुरुवारी; बदलायला दुसरं काही नाही.

दुपारभर रिकाम्या थिएटरात तिने वाजवून पाहिलं.
दुडक्या चालीचं काहीतरी: नको.
कूच: छे.
मग एक प्रार्थना, अगदी सावकाश,
आणि मधेच झाकण आपटून म्हणाली,
"हे तर चिमटा काढून रडवणं झालं."
मी विचारलं, मग काय वाजवणार?
ती बोटं कडकडा मोडत राहिली.

रात्री माणसं आली, टोप्या गुडघ्यांवर.
तिकिटाच्या खिडकीत एम्रिसची बहीण, नेस्टा;
रजा घेतली तर पगार कापतात.

रंगारी चढला तोवर वॉल्ट्झ चालू होता.
शिडी एकदा डावीकडे गेली,
आणि मावशीने दोन्ही हात उचलून
मांडीवर ठेवले.

मी पान उलटलं. चुकून.
तो कागदाचा आवाजही मागच्या रांगेपर्यंत गेला.
यंत्राची टिकटिक. कुणाच्या तरी छातीतली पूड.
रंगारी पन्हळीला लोंबकळतोय, एक बूट सुटलाय,
तो बुटाकडे बघतोय, बूट जाईपर्यंत,
बराच वेळ,
मग समोरच्या खिडकीत एक बाई येते
आणि हा, एका हाताने लटकलेला,
दुसऱ्या हाताने टोपी उचलून
तिला नमस्कार करतो.

दारातल्या पडद्याआडून आवाज आला.
हसणं म्हणवत नव्हतं त्याला.
दूध उतू जाण्याआधी झाकण थडथडतं, तसं काहीतरी.
नेस्टा. कमरेला तिकिटांची गुंडाळी तशीच.
मग पहिल्या रांगेतून एक, मग ते दोघे भाऊ,
मग टोप्याच टोप्या, जमिनीवर, हवेत,
डोळे पुसत, एकमेकांना ढोसत,
आणि त्या गदारोळात
मावशीचा फक्त डावा हात परत आला:
खालचे दोन सूर, आलटून पालटून,
खाली कुणीतरी
शिडी धरून उभं असावं, तसे.
रंगारी उतरेपर्यंत ते थांबले नाहीत.

सोमवारी इद्वल प्यूंनी
न वाजवलेल्या चार मिनिटांचे पैसे कापले.
मावशीने नाणी ओट्यावर ओतून मोजली.
हिशेब बरोबर होता.